दहावी आर्टरी

रायपूरच्या शंकर नगरातल्या एका खासगी दवाखान्याच्या तळघरात विजया पाटोळे एकोणीस वर्षं ऑपरेशनची अवजारं धूत आली होती. कात्र्या, चिमटे, सुया धरायच्या पकडी. वरून रक्तानं माखून यायचं सगळं. ती ते भिजवायची, सांध्यासांध्यात ब्रश घालून घासायची, वाळवायची, मोजून ट्रेमध्ये लावायची, दुहेरी कापडात बांधायची आणि ऑटोक्लेव्हच्या वाफेत घालायची. गाठोड्यावर पट्टी असायची: कोणता सेट, किती नग, कोणी भरला. खाली सही.

काय काम करतेस असं कोणी विचारलं तर ती सरळ सांगे. आणि ऐकणारा कोणीही असो, शेवटी एकच म्हणे, "म्हणजे भांडी घासतेस म्हण की!" भांडी घासणारीनं एखादं ताट खरकटं ठेवलं तर कोणी मरत नाही, एवढा फरक होता. पण तो सांगायला जावं तोवर समोरच्याची नजर मोबाइलात गेलेली असे. दवाखान्याच्या दर्शनी भिंतीवर जीव वाचवणाऱ्यांचे फोटो लावले होते, पांढऱ्या कोटातले, सगळे दात दाखवणारे. तळघराचा फोटो कोणी काढला नव्हता. काढण्यासारखं होतंच काय तिथं? एक बाई, एक मशीन, भिंतीवर एक फोन. दुसऱ्या बाईची जागा दोन वर्षं रिकामी होती आणि ती भरायची कोणाला घाई नव्हती.

चर्चमध्ये तरी काय वेगळं होतं! विजयाचे वडील अचलपूरकडून मिशनच्या दवाखान्यात कंपाउंडर म्हणून रायपूरला आले, तेव्हा रविवारी दुपारी चारची मराठी उपासना भरलेली असे. मग माणसं मेली, पोट्टे बाहेरगावी गेले, उरलेल्यांची पोरं हिंदीत उत्तरं द्यायला लागली. शेवटी शेवटी तिघं उरले, त्यातले एक बहिरे. पाळकांनी विचारलं, तिघांसाठी एवढे पंखे काहून चालवायचे? प्रश्न रास्त होता. उपासना बंद झाली. आता ती सकाळच्या हिंदी उपासनेत मागच्या बाकावर बसे. मागच्या रविवारी पाळकांनी तासभर सांगितलं की आपलं रोजचं काम हीच देवाची सेवा. दाखले दिले ते डॉक्टरचे, शिक्षकाचे, इंजिनिअरचे. बाहेर चहा घेताना तेच पाळक तिला म्हणाले, "आंटी, आप कुछ करती हैं या घर पर ही?" सहा वर्षांपासून ते तिथं पाळक होते.

नवरा, रत्नाकर, चार वर्षांपूर्वी गेला. त्यानंतर गुढ़ियारीतल्या घराच्या दोन खोल्यांत मराठी बोलायला फक्त देव उरला. देवाला हिंदी येत नसेल असं नाही. पण देवाशी हिंदीत बोलायचं म्हटलं की तिला बँकेच्या खिडकीपुढं उभं राहिल्यासारखं वाटे. म्हणून ती तळघरात बोले. काम करता करता, तोंडातल्या तोंडात.

तिची एक रीत होती. पोटाच्या ऑपरेशनच्या सेटमध्ये दहा आर्टरी असत. आर्टरी म्हणजे कात्रीसारखा चिमटा, फुटलेली रक्तवाहिनी त्यात दाबून धरतात. प्रत्येक आर्टरीला तिनं एक माणूस दिला होता. पहिली भावाची: देवा, दयारामदादाच्या गुडघ्याले आराम दे. दुसरी नागपूरच्या वीणाची, जिचा नवरा पितो. तिसरी शेजारच्या तुळशीरामची. असं करत करत नववी सुनेची, गंधालीची. आणि दहावी शिशिरची. पोराचं नाव शेवटी, कारण ताटातला शेवटचा घासही ती त्याच्यासाठी ठेवायची. नावं संपली की आर्टरी संपल्या. वेगळं मोजायची गरज नव्हती. कागदावर एकेका नगापुढं खूण करायची असते, ती खूण ती सगळ्यात शेवटी एका दमात करून टाके. एकोणीस वर्षांत एकदाही चुकलं नव्हतं, आणि याचा तिला मनातल्या मनात गर्व होता. गर्व म्हणजे गर्वच, त्याला दुसरं नाव नको.

गुरुवारी दुपारी ती पोटाचा सेट भरत होती आणि शिशिरचा फोन आला. नवा रायपूरला सरकारी कचेरीत होता तो. रविवारी नातवाचं बारसं. तिनं फोन खांद्यात धरला आणि हात चालूच ठेवले.

"मम्मी, गंधाली के मामा लोग आ रहे हैं पुणे से. कोई पूछे तो बोल देना, हॉस्पिटल के ऑफिस में थी. रिटायर हो गई."

"काहून? मी कुठं रिटायर झाले?"

"अरे, एक दिन की बात है. और वो प्रार्थना-व्रार्थना मत करना प्लीज. माहौल ठीक नहीं है आजकल, तुझे मालूम है."

"मी माह्या नातवाच्या डोक्यावर हात नको ठेवू का मग?"

"हाथ रख ना. कौन मना कर रहा है? बस, बोलना मत."

फोन तिनं बाजूला ठेवला. मग पुढच्या नावाला लागली. सातवं, आठवं, गंधाली. शिशिरचं नाव आलं आणि तिच्या तोंडातून ते निघेना. नाही घ्यायचं, म्हणाली ती. ज्याले मायचा आवाज नको, त्याच्यासाठी मायनं कायले घसा कोरडा करायचा? तिनं कागदावर एका दमात खुणा केल्या, ट्रे झाकला, कापड बांधलं, पट्टीवर दहा लिहिलं आणि सही केली.

शुक्रवारी सकाळी आठला तातडीचं ऑपरेशन झालं. राधा नावाची बाई, सव्वीस वर्षांची, अभनपूरकडच्या खेड्यातली, आतड्याला पीळ पडलेला. विजयाचाच सेट वापरला. अकराला तो रक्तानं माखून खाली आला. विजया धुवायला बसली. रात्रभर झोप नव्हती, पण राग उतरला होता. पोरगं घाबरट आहे, वाईट नाही. ती दयारामदादापासून सुरू झाली, एकेक आर्टरी घासत गंधालीपर्यंत आली. मग शिशिरसाठी हात घातला तर बेसिनमध्ये नुसतं पाणी.

तिनं पाणी गाळून पाहिलं. धुतलेल्या आर्टरी ओळीनं मांडल्या. नऊ. पुन्हा मांडल्या. नऊच.

ती तशीच वर गेली. ऑपरेशन थिएटरचा टेक्निशियन लोकेश फरशी पुसून घेत होता. दोघांनी मिळून कचऱ्याच्या पिशव्या उघडल्या, चादरी झटकल्या, टेबलाखाली वाकून पाहिलं. काही नाही. भिंतीवरच्या बोर्डावर लिहिलं होतं: सुरुवातीला आर्टरी दहा, पोट शिवण्याआधी आर्टरी दहा.

"लोकेश, गिने थे?"

"हव दीदी."

"गिने थे, कि लिखे थे?"

लोकेशनं पोछा बादलीत टाकला. "आपकी पट्टी में दस था, तो पहले दस लिखा. आखिर में बहुत हड़बड़ी थी दीदी, बीपी गिर रहा था, तो फिर दस लिख दिया. आपकी गिनती उन्नीस साल में कभी गलत निकली है क्या?"

विजयानं बोर्डाकडं पुन्हा पाहिलं. म्हणजे सगळ्या इमारतीत मोजणारी ती एकटीच होती, आणि तीही मोजत नव्हती. गुरुवारी तिनं दहावं नाव घेतलं नाही हे तिला पक्कं आठवत होतं. पण आर्टरी? नाव न घेता आर्टरी तेवढी ट्रेमध्ये ठेवली, की रागारागात दोन्हीही वगळलं? हाताला आठवत नव्हतं. ठेवली नसेल तर ती खालीच कुठंतरी पडली असेल. ठेवली असेल तर ती आता राधाच्या पोटात होती.

डॉक्टर यशोधन त्यांच्या खोलीत पोहे खात होते. दोन वर्षांपूर्वी ते पुण्याहून इथं आले. पाटोळे आडनाव ऐकून स्वतः तळघरात उतरले होते, "अरे वा, मराठी माणूस!" म्हणत. तेव्हापासून तिला मावशी म्हणत. आठवड्यातून एखादं वाक्य ते तिच्याशी मराठीत बोलत, आणि त्या वाक्यावर ती आठवडा काढी.

"या मावशी. पोहे घेता?"

"डॉक्टरसाहेब, सकाळच्या सेटमधली एक आर्टरी कमी आली. नऊच आहेत."

"थिएटरमध्ये बघा."

"पाहिलं. कचराही पाहिला."

"बोर्डावर दहा आहेत, मावशी."

"बोर्डावर माही पट्टी उतरवली आहे. कोणी मोजलं नाही."

त्यांनी चमचा खाली ठेवला. "तुम्ही दहा भरल्या होत्या ना?"

एक 'हो' पुरला असता. तिला ते समोर दिसत होतं. हो म्हटलं की डॉक्टरांना एक्स-रे काढावाच लागला असता, आणि तिच्या एकोणीस वर्षांना ओरखडाही आला नसता. खोटं बोलूनही बाईचं भलंच झालं असतं.

"मले खात्री नाही," ती म्हणाली.

डॉक्टरांचे खांदे सैल झाले. "मग झालं तर! खालीच पडली असेल तुमच्याकडे."

"असन. अन् नसन तर?"

"मावशी, ती बाई आत्ता भुलीतून बाहेर येतेय. नातेवाइकांना काय सांगू? आमचा चिमटा हरवलाय, जरा तुमच्या पोटात बघतो?"

"हो. तसंच सांगा."

"आणि खात्री का नाही तुम्हाला? तुम्ही तर डोळे मिटून भरता म्हणे."

तिनं सांगितलं. नावांचं, दहाव्या नावाचं, रागाचं. कोणालाच कधी सांगितलं नव्हतं ते. डॉक्टर हसायला लागले.

"म्हणजे तुम्ही मोजत नाही. जप करता!"

"प्रार्थना."

"तेच हो. मग देवालाच विचारा ना, दहावी कुठंय म्हणून."

"देवानं सांगितलं असतं तर तुमच्यापाशी कायले आले असते? एक्स-रेचं मशीन तुमच्याकडं आहे."

हसणं थांबलं. "हे बघा, तुम्हालाच खात्री नसताना मी उगाच गोंधळ घालणार नाही."

"खात्री नाही म्हणूनच तर म्हणून राहिले. खात्री असती तर फोटो कायले पाहिजे होता?"

डॉक्टरांनी पोह्यांची बशी जवळ ओढली. बोलणं संपलं, असा त्याचा अर्थ होता.

विजया तिथून यामिनी सिस्टरच्या टेबलापाशी गेली. यामिनी तिची इनचार्ज, धमतरीची, बोलायला तिखट पण मनानं बरी. तिच्याकडून चूक नोंदवायचा फॉर्म मागून घेतला आणि उभ्या उभ्या मराठीतच भरला. गुरुवारी पोटाचा सेट मी भरला. पट्टीवर दहा आर्टरी लिहिल्या. मी मोजल्या नव्हत्या. एक पेशंटच्या पोटात असू शकते.

"ये क्या लिखा है, दीदी? 'मोजल्या नव्हत्या' मतलब?"

"गिना नहीं था."

यामिनीनं कपाळावर हात मारला. "ऐसा कौन लिखता है? लिखो, सेट में एक नग कम पाया गया. बस. किसने, क्यों, कुछ नहीं. सब ऐसे ही लिखते हैं."

"वैसा लिखूँगी तो फोटो निकलेगा?"

यामिनी फॉर्म पुन्हा वाचू लागली.

"तो यही रहेगा. मुहर लगाओ, और एक कॉपी मुझे दो."

अर्ध्या तासात एक्स-रेचं चाकाचं मशीन राधाच्या खाटेकडं निघालं. त्या इमारतीत देवाला भिणारा शोधून सापडला नसता, पण कागदाला भिणारे तीन मजले भरून होते.

विजयाला आत जाऊ दिलं नाही. दाराबाहेर राधाची सासू उकिडवी बसली होती. हातभर हिरव्या बांगड्या, डोक्यावरून पदर. मशीन आत गेलेलं पाहून ती उठली, काय झालं म्हणून विचारू लागली.

"का होगे बहिनी? फेर का होगे?"

बाकीचे सगळे फरशीकडं बघत पुढं गेले होते. विजया थांबली. हिंदीत म्हणाली, एक औजार कमी आहे. आत तर राहिलं नाही ना, ते बघतायत. माझ्या चुकीनं होतंय.

सासूनं पदर मागं सारून तिच्याकडं पाहिलं. मग म्हणाली, "तैं गिने नइ रहे?"

"नहीं."

म्हातारीनं शिवी दिली असती तर सोपं गेलं असतं. ती भिंतीला टेकून पुन्हा खाली बसली आणि सुनेची चप्पल, जी तिनं सकाळपासून पिशवीत सांभाळली होती, ती पिशवी मांडीवर घेतली.

विजया तिच्या शेजारी उभी राहिली. प्रार्थना करायला गेली आणि तिला जमेना. नेहमीची नावं आपोआप जिभेवर आली, दयारामदादा, वीणा, तुळशीराम, आणि तिथंच तिला चटका बसला. या दहांत राधा कुठं होती? आज राधा, काल कोणी, परवा कोणी. एकोणीस वर्षं जी माणसं पोट उघडं टाकून त्या टेबलावर निजली, ज्यांच्या आत तिच्या हातची अवजारं गेली, त्यांतल्या एकाचंही नाव तिच्या दहांत नव्हतं. ती आपल्या माणसांची गाऱ्हाणी चिमट्यांवर वाळत घालत होती, दोरीवर कपडे घालावेत तशी. दोरी कशासाठी ताणली आहे ते तिनं कधी पाहिलंच नव्हतं. देवानं तिच्याकडं काय मागितलं होतं? दहा म्हणजे दहा. एवढंच. ते दिलं असतं तर ती एकही शब्द बोलली नसती तरी प्रार्थना झाली असती. पाळकांनी तासभर जे सांगितलं ते त्यांना तरी कळलं होतं की नाही, कोण जाणे.

दार उघडलं. एक्स-रेवाला मान हलवत बाहेर आला. "कुछ नहीं है. खाली-पीली."

डॉक्टर यशोधन त्याच्या मागून आले. विजया दारात उभी होती. ते क्षणभर थांबले आणि म्हणाले, "हटिए ज़रा."

हिंदीत. दोन वर्षांत पहिल्यांदा.

ती बाजूला झाली. सासूला म्हणाली, "कुछ नहीं निकला, अम्मा. सब ठीक है." सासूनं हात जोडले, ते तिला नव्हे, वर कुठंतरी. बरोबरच होतं. विजयानंही मनातल्या मनात उपकार मानले. काही नाही, या दोन शब्दांसाठी इतक्या जिवापाड उपकार तिनं याआधी कधी मानले नव्हते.

आर्टरी तिला तळघरात सापडली. अवजारं निथळत ठेवायची जाळीची टोपली उलटी केली, तर तळाच्या घडीत तोंड अडकवून बसली होती. म्हणजे गुरुवारी तिनं नऊच भरल्या होत्या. आता ती हळूच दुसऱ्या सेटमध्ये सरकवली असती तर जगात कोणाला कळलं नसतं. ती तशीच तळहातावर घेऊन यामिनीकडं गेली आणि टेबलावर ठेवली.

"मिल गई. मेरे यहाँ ही थी."

"हे भगवान!" यामिनी म्हणाली. "मतलब पूरा तमाशा बेकार में हुआ? डॉक्टर साहब ऊपर आग हो रहे हैं. दीदी, मैं क्या करूँ, बोलो? सोमवार से आप लिनन में जाओगी. चादर तह करना. यहाँ दूसरी आएगी."

"उसको सिखाएगा कौन?"

"वो मैं देख लूँगी."

"उसको बोलना, कागज पे एक-एक करके टिक करे. आखिर में एक साथ नहीं."

यामिनीनं आर्टरी तिच्या हातात परत दिली.

खाली येऊन विजया पाणी प्यायली. मोबाइलवर शिशिरचा मेसेज होता. 'रविवार ११ बजे. जो बोला वो याद है ना?' तिनं चष्मा लावला आणि एका बोटानं मराठीत लिहिलं, 'येईन. कोणी विचारलं तर काय काम करते ते सांगीन. ते चालत नसेल तर तसं कळव.' मेसेज वाचल्याची निळी खूण लगेच आली. उत्तर आलं नाही. ती पाच मिनिटं स्क्रीनकडं बघत बसली, मग मोबाइल खणात टाकला.

चार वाजता आणखी एक पोटाचं ऑपरेशन होतं आणि सेट भरायचा होता. सोमवारला अजून वेळ होता. तिनं कागद समोर ठेवला, पेन काढलं. एक. खूण केली. दोन. खूण. तोंड बंद. नावं घशाशी येत होती, ती परत पाठवत होती. तुम्ही नंतर, बसस्टॉपवर, म्हणत होती. जिभेला रिकामं वाटत होतं. तळघर इतकं शांत तिला कधी वाटलं नव्हतं, कारण आजवर त्या शांततेत ती स्वतःच बडबडत होती. आता नुसता स्टीलवर स्टील ठेवल्याचा आवाज. चार. खूण. पाच.

भिंतीवरचा फोन वाजला.

"दीदी, सेट कहाँ है?" लोकेश होता. "साहब चिल्ला रहे हैं. चार बजे पेशंट टेबल पे होगा, भाप लगनी भी बाकी है."

"गिन रही हूँ."

"अरे, इतनी देर तो कभी नहीं लगती थी आपको!"

"आज लगेगी."

"जल्दी करो ना दीदी, गिनना-विनना हम लोग ऊपर…" तो मध्येच थांबला. पलीकडं डॉक्टरांचा आवाज येत होता, शब्द कळत नव्हते. मग लोकेश हळू आवाजात म्हणाला, "हव. गिन लो. हम भी गिनेंगे."

तिनं फोन ठेवला. टेबलापाशी आली. कागदावर चार खुणा होत्या. पाचवी ट्रेमध्ये ठेवली, की हातात होती तेव्हाच फोन वाजला? तिनं ट्रे उचलला, सगळ्या आर्टरी पुन्हा टेबलावर ओतल्या, नवा कागद घेतला आणि एकपासून सुरू केलं.